पार्लरमध्ये पहिल्यांदाच जाताय? पुरुषांनी आणि क्रॉसड्रेसर्सनी आपलं सलून कसं शोधायचं

मी पुण्यात राहतो, वय ४२, आणि गेली ९ वर्षं नियमित पार्लरला जातोय. आयब्रो, हातापायाचं वॅक्सिंग, आणि वर्षातून चार-पाच वेळा पूर्ण मेकअप, विग, साडी असं सगळं. क्रॉसड्रेसिंग, म्हणजे स्त्रीवेश करणं, ही माझी आवड आहे आणि माझ्या बायकोला ते माहितीय. ओळखीतली नवीन मुलं मला एकच विचारतात की दादा, आपल्याला आत घेणारं पार्लर शोधायचं कसं, आणि दर वेळी मी तेच अर्धा तास फोनवर सांगत बसतो, म्हणून आता एकदाच नीट लिहून काढतोय. ज्यांना स्त्रीवेश वगैरे काही करायचा नाहीये, नुसत्या भुवया साफ करायच्यात किंवा लग्नाआधी पाठीचं वॅक्स करायचंय आणि कुठे विचारायचं कळत नाही, त्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी काय करून घ्यायचंय ते ठरवा

हे पहिलं, कारण कामाप्रमाणे दुकान बदलतं. थ्रेडिंग, वॅक्स, क्लीनअप, फेशियल, पेडिक्युअर ही कामं पुरुषांचीही सर्रास होतात, त्याला युनिसेक्स सलून पुरतं आणि तिथे क्रॉसड्रेसिंगचा विषय काढायचीही गरज नाही. मेकअप, विग, साडी नेसवणं यासाठी पार्लरपेक्षा स्वतंत्र काम करणारी मेकअप आर्टिस्ट गाठायची. आणि दाढीचे केस कायमचे कमी करायचे असतील तर तो लेसरचा विषय, म्हणजे त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं, पार्लरमध्ये स्वस्तात मिळतंय म्हणून तिथे करू नका. आपल्या सावळ्या कातडीवर मशीनचं सेटिंग चुकलं तर भाजतं, डाग राहतात. लेसर काळ्या केसांवर चालतं, पांढऱ्या झालेल्या दाढीवर चालत नाही, आणि एका सेशनमध्ये काही होत नाही, महिना-सव्वा महिन्याच्या अंतराने सहा-आठ सेशन लागतात. दवाखाना असल्यामुळे एक बरं असतं, तिथे तुम्ही पुरुष आहात याचं कुणाला काही वाटत नाही, पुरुष पेशंटही येत असतात.

नवीन माणसाला मी सांगतो की पहिल्यांदा मेकअपच्या मागे लागू नका. पेडिक्युअरने सुरुवात करा. तासभर खुर्चीत बसायचं, बाईशी किंवा दादाशी दोन शब्द बोलायचे, तिथला वास, आवाज, कोण कसं बोलतं ते बघायचं. दुसऱ्या वेळी आयब्रो. तोवर त्यांना तुमचं नाव माहिती झालेलं असतं आणि तुमच्याही छातीतली धडधड कमी झालेली असते.

"फक्त महिलांसाठी" ही पाटी खरी माना

यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण माझी सुरुवात इथेच चुकली. १० वर्षांपूर्वी मी एका पेठेतल्या छोट्या पार्लरमध्ये, शनिवारी संध्याकाळी, न विचारता सरळ पडदा बाजूला करून आत गेलो. आत तीन बायका होत्या, एकीच्या हाताला वॅक्स लावलेलं, एक केसांना मेंदी लावून बसलेली, आणि सगळ्या एकदम दचकल्या. मालकीणबाई उठून उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "इथे जेन्ट्स नाही." मी सॉरी म्हणून बाहेर आलो आणि नंतर वर्षभर कुठेच गेलो नाही. तेव्हा मला फार अपमान वाटला होता. पण आता वाटतं त्या बाई बरोबर होत्या. ती जागा म्हणजे बायकांना ओढणी बाजूला ठेवून, हात वर करून निवांत बसता येतं अशी गल्लीतली एकमेव जागा असते. शिवाय आपल्याकडची कितीतरी पार्लर घरातल्याच एका खोलीत चालतात, बाहेरच्या खोलीत सासू टीव्ही बघत असते, वर सोसायटीचे लोक. त्या बाईने एक पुरुष आत घेतला तर तिची चार गिऱ्हाइकं तुटू शकतात आणि घरात बोलणी बसतात ती वेगळीच. म्हणून पाटी असेल तर आत शिरायचं नाही. फोनवर विचारायला मात्र काही हरकत नाही, कारण पाटी असलेल्यांपैकीही काही जणी "दुपारी कोणी नसतं तेव्हा या" किंवा "मी घरी येऊन करून देईन" असं म्हणतात. माझी आत्ताची पार्लरवाली ताई अशीच मिळाली, आणि तिला विचारलं माझ्या बायकोने. बायको तिच्याकडे आधीपासून जायची, एकदा आयब्रो करताना सहज म्हणाली की माझ्या मिस्टरांचे पण करशील का गं, ती म्हणाली पाठव की मंगळवारी. घरात बायको, बहीण, मैत्रीण कुणाला माहिती असेल तर हा सगळ्यात सोपा रस्ता आहे, त्यांना विचारू द्या.

मोबाइल ॲपवरून घरी येणाऱ्या सर्व्हिसचं पण लक्षात ठेवा, बायकांच्या पार्लरची सर्व्हिस बायकांसाठीच असते. बायकोच्या नावाने बुक करून ऐनवेळी आपण समोर बसायचं हे करू नका. एकटी मुलगी परक्या घरात बॅग घेऊन आलेली असते, तिला दारात कळतं की गिऱ्हाईक पुरुष आहे, तिने घाबरायचं नाही तर काय करायचं.

विचारायचं कसं

आधी मेसेज, मग फोन. गूगल मॅपवर जवळची पार्लर आणि मेकअप आर्टिस्ट बघा, फोटो बघा, रिव्ह्यूमध्ये कुठे पुरुषांची नावं दिसतात का बघा, पाच-सहा नंबर काढा. घराजवळचं नकोसं वाटत असेल तर दोन उपनगरं पलीकडचं शोधा, पण इतकं लांबही नको की दर महिन्याला जाणं होणार नाही. मी जो मेसेज पाठवतो तो असा असतो, हवा तर तसाच घ्या:

"नमस्कार ताई, मला मेकअप आणि साडी ड्रेपिंग करून घ्यायचंय. मी पुरुष आहे, आवड म्हणून स्त्रीवेश करतो. तुम्ही पुरुष क्लायंट घेता का? घेत नसाल तरी काही हरकत नाही, तसं कळवा. तुम्हाला रिकामी वेळ असेल तेव्हा येईन. चार्जेस आणि ॲडव्हान्स किती ते सांगा."

यात सगळं आलं. मी कोण, काम काय, नाही म्हणायची मोकळीक, आणि पैशाचं. "एक पर्सनल विचारायचं होतं, रागावणार नाही ना" अशी सुरुवात करू नका, बायकांना असले मेसेज रोज येतात आणि पुढे काय येतं ते त्यांना पाठ झालंय, त्या सरळ ब्लॉक करतात. रात्री अकराला मेसेज करू नका. पहिल्याच मेसेजला स्वतःचे साडीतले फोटो पाठवू नका, त्यांनी मागितले तर चेहऱ्याचा एक साधा फोटो द्या, स्किन टोन बघायला लागतो. उत्तर नाही आलं की तोही नकारच समजा, पुन्हा पुन्हा टोचू नका. मला पाचातल्या दोघी हो म्हणतात असं साधारण माझं चालत आलंय, आणि त्या दोघींना उगाच शंभर प्रश्न पडलेले नसतात, त्या विचारतात दाढी किती दाट आहे आणि साडी तुम्ही आणणार का मी आणू.

वेळ कधीची घ्यायची हे पण महत्त्वाचं. शनिवार-रविवार नको, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे दिवस, गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळीचा आठवडा नको, लग्नसराईत तर ब्रायडलवाल्या फोनही उचलत नाहीत. त्यापेक्षा चातुर्मास बघा. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नाचे मुहूर्त जवळपास नसतातच, ब्रायडल मेकअपवाल्यांचे हात रिकामे असतात, मधले सणाचे दिवस सोडले तर त्या वेळही देतात आणि रेटमध्येही थोडं खालीवर करतात. आठवड्यातला दिवस म्हणाल तर मंगळवार-बुधवार सकाळी अकराच्या आसपास. सोमवारी आपल्याकडे बरीच सलून बंद असतात.

पार्लरच्या बाहेर शोधा, नाटक-सिनेमावाले आपले जुने आहेत

महाराष्ट्रात पुरुषाला बाई म्हणून सजवणं ही काही नवीन गोष्ट नाही. बालगंधर्वांच्या काळात बायकांच्या भूमिका पुरुषच करायचे आणि त्यांचा शालू, त्यांचे दागिने बघून घरंदाज बायका तशी फॅशन करायच्या. कोकणात आणि गोव्यात दशावतारात आजही स्त्रीपार्टी पुरुषच करतात, स्वतःचा रंग स्वतः लावतात, लुगडं स्वतः नेसतात, आणि गावात कुणी त्यांना नावं ठेवत नाही. म्हणून लहान गावात राहत असाल आणि पार्लरवाली तयार होत नसेल तर नाटकाला रंगभूषा करणारा माणूस शोधा. त्याने पुरुषाच्या तोंडावर बाईचा मेकअप शंभर वेळा केलेला असतो, जबड्याला शेड कुठे द्यायची, कपाळ लहान कसं दाखवायचं हे पार्लरवालीपेक्षा त्याला जास्त कळतं. फक्त त्याला सांगा की स्टेजचा नको, जवळून बघायचाय, नाहीतर तो शेवटच्या रांगेतून दिसेल असा रंग चढवतो. शहरात ड्रेपरीवाले असतात, शाळांच्या गॅदरिंगला कपडे भाड्याने देणारे, त्यांच्याकडे विग, गंगावन, शिवलेली नऊवारी, ठुशी, चापाची नथ सगळं भाड्याने मिळतं आणि ते कशाला पाहिजे असं विचारत नाहीत.

मुंबईकरांना तर आणखी सोपं. हिंदी सिनेमात कित्येक दशकं मेकअपमन पुरुषच असायचे, मुंबईतली संघटना बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्डच द्यायची नाही, बायकांनी फक्त हेअर करायचं. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये मेकअप आर्टिस्ट चारू खुराना यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते बंद केलं. त्या जुन्या पद्धतीमुळे बायकांच्या चेहऱ्यावर काम करण्यात हात बसलेले पुरुष मेकअप आर्टिस्ट मुंबईत भरपूर आहेत, आणि ज्याला बाईसमोर बसायला लाज वाटते त्याने अशा दादाकडे जावं. आणखी एक, २०२३ मध्ये मुंबईत प्रभादेवीला ट्रान्सजेंडर व्यक्तींनीच चालवलेलं ट्रान्सफॉर्मेशन नावाचं सलून सुरू झालं. कुठेही जायच्या आधी फोन करायचा तसा तिथेही करून घ्या. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांसाठी हमसफर ट्रस्ट १९९४ पासून मुंबईत काम करतो, पुण्यातही अशा संस्था आहेत, त्यांच्या कार्यक्रमांना गेलात की तिथे येणाऱ्या लोकांकडून कोण चांगलं काम करतं, कोण नीट बोलतं हे आपोआप कळतं. ट्रान्स बायका मेकअपचं काम करतात त्यांच्याकडेही जा, आणि पूर्ण रेट द्या, "आपल्यातलीच आहेस, कमी कर" असं म्हणू नका.

पार्लरचे कोर्स चालवणारे क्लास असतात ना, त्यांच्या मुलींना प्रॅक्टिसला चेहरे लागतात, तिथेही विचारून बघा, काही ठिकाणी हो म्हणतात. आणि ज्यांना दर वेळी पैसे घालवायचे नसतील त्यांनी सेल्फ मेकअपचा एकट्याचा क्लास लावावा, दोन-तीन तासांत तुमच्याच चेहऱ्यावर तुमच्याच हाताने शिकवतात. मी तो दुसऱ्या वर्षी केला, पहिल्या वर्षीच करायला हवा होता.

जायच्या आधीची तयारी

वॅक्सला केसांची ग्रोथ लागते, साधारण पाव इंच, म्हणजे ब्लेडने काढले असतील तर दोन-तीन आठवडे थांबायचं. नाहीतर ताई हात बघून म्हणणार ग्रोथ नाहीये, आठ दिवसांनी या. पुरुषांचे केस जाड, छातीचे-पाठीचे तर फारच, त्यामुळे वेळ आणि वॅक्स जास्त लागतं आणि रेटही जास्त घेतात, त्यावर घासाघीस करू नका. दाढीच्या भागावर वॅक्स मुळीच करू नका, केस आत वाढतात आणि पुळ्या येतात. पिंपल्सच्या गोळ्या किंवा रेटिनॉलचं क्रीम चालू असेल तर आधी सांगा, कातडी सोलवटून निघते. पहिल्यांदा ब्लीच किंवा हेअर कलर असेल तर कानामागे थोडंसं लावून एक-दोन दिवस बघा.

मेकअपच्या दिवशी दाढी त्याच दिवशी, नवीन ब्लेडने, गरम पाण्याने तोंड धुऊन करायची, पण निघायच्या दोन तास आधी, म्हणजे लाली उतरते. काहीही केलं तरी निळसर झाक राहते, नुसतं फाउंडेशन थापलं तर ती राखाडी दिसते. त्यावर आधी नारिंगी करेक्टर लावतात, मग फाउंडेशन. मेकअपवालीकडे नारिंगी करेक्टर आहे का हे फोनवरच विचारा, तिला त्याचं कारण कळलं तर तिला काम येतं असं समजा. ब्लाउज स्वतःच्या मापाचा शिवून घ्या, खांदे आणि दंड बाजारच्या तयार ब्लाउजमध्ये बसत नाहीत. जाताना पुढून बटणांचा शर्ट घालून जा, झालेला मेकअप टी-शर्ट काढताना पुसतो.

खुर्चीत बसल्यावर

ताई दोरा दातात धरून तुमच्याकडे बघेल आणि विचारेल, "शेप देऊ का नुसतं क्लीन करू?" या प्रश्नाचं उत्तर घरूनच ठरवून या. क्लीन म्हणजे मधले आणि खालचे भरकटलेले केस काढायचे, ऑफिसात कुणाच्या लक्षात येत नाही. शेप म्हणजे कमान, आणि ती एकदा दिली की परत भरून यायला दीड-दोन महिने लागतात. पहिल्यांदा क्लीनच सांगा. मग ती म्हणेल ताणून धरा, तेव्हा एका हाताने कपाळ वर आणि दुसऱ्या हाताने पापणी खाली घट्ट धरायची, सैल सोडली तर कातडी दोऱ्यात येते आणि कापतं. डोळ्यांतून पाणी येतंच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, प्रत्येक बाईच्या येतं.

साडी नेसवतानाचं सांगतो. माझी पहिली साडी आईची जुनी नारायणपेठ होती, जांभळी. ती ताई गुडघ्यावर बसून निऱ्या घालत होती, तोंडात चार सेफ्टी पिना धरलेल्या, त्यामुळे बोलता येत नव्हतं, नुसतं हाताने खुणावत होती की सरळ उभे राहा, पोट आत घ्या. मग पदर खांद्यावर टाकून, एकेक पिन लावत, मागे जाऊन बघितलं, पुढे येऊन बघितलं, आणि पिना संपल्यावर म्हणाली, "उंचीला शोभतेय हं." नेसवताना ती कमरेला हात लावणार, परकराची नाडी घट्ट करणार, हे कामच आहे. परकर आणि ब्लाउज आपण आधीच आत जाऊन घालून यायचं, तिच्यासमोर नाही. बोलताना ताई किंवा मॅडम, आणि अहो-जाहो. तुम्हाला स्त्रीच्या नावाने हाक मारलेली आवडत असेल तर एकदा सांगा, बहुतेक जणी मारतात, नाही मारली तर राहू द्या.

फोटो, पैसे आणि फसवणूक

फोटोचं मेकअप सुरू व्हायच्या आधी बोला. हल्ली प्रत्येकीला रील टाकायची असते, त्यात त्यांची चूक नाही, तो धंदा आहे, पण तुमचा चेहरा जाऊ नये असं वाटत असेल तर स्पष्ट सांगा की फोटो फक्त माझ्या मोबाइलवर. मोठ्या सलूनमध्ये कॅमेरे असतात, खासगी खोली आहे का विचारा.

इन्स्टाग्रामवर क्रॉसड्रेसिंग मेकओव्हर करून देतो म्हणणारी अकाउंट दिसतात, त्यातली काही खरी आहेत पण काही निव्वळ लुटारू. खऱ्याची खूण म्हणजे पत्ता असतो, फोनवर बोलतात, इतर बायकांचंही काम केलेलं दिसतं. लुटारू पूर्ण पैसे आधी मागतो, फोनवर बोलत नाही, तुमचे फोटो आणि खरं नाव आधी हवं म्हणतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाने असे फोटो पाठवले आणि नंतर घरच्यांना पाठवीन म्हणून त्याच्याकडे पैसे मागायला लागले. असं झालं तर एक रुपयाही देऊ नका, दिले की मागणी वाढत जाते. स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. आणि मेकअपच्या गोष्टींऐवजी मसाज आणि "स्पेशल सर्व्हिस"चं बोलणं सुरू झालं तर तिथून निघा.

कायद्याचं थोडक्यात. पुरुषाने साडी नेसणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा सार्वजनिक सेवा नाकारायला मनाई करतो, पण तो ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी आहे, आवड म्हणून वेश करणाऱ्या माझ्यासारख्याने तो पार्लरवालीच्या तोंडावर फेकायचा नाही.

निघताना

पैसे ठरल्याप्रमाणे, लगेच. घरी तसंच जायचं नसेल तर मेकअप काढायला वेगळा अर्धा तास आधीच मागून ठेवा, ऐनवेळी पुढची गिऱ्हाईक दारात उभी असते. वॉटरप्रूफ काजळ साबणाने निघत नाही, खोबरेल तेल किंवा बेबी ऑइल कापसाला लावून खालच्या पापणीच्या आतून हळू पुसायचं, दोनदा. कानामागे आणि केसांच्या कडेला फाउंडेशन राहतं ते बघा, कपाळावर टिकलीचा गोंद चिकटलेला असतो तो बघा. नेलपॉलिश असेल तर साधी लावा, जेलची घरी सहज निघत नाही, नाहीतर चिकटवायची नखं वापरा. आणि चापाची नथ नाकावर तासभर राहिली की एक लाल ठसा उमटतो, तो जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात बाहेर कुठेतरी चहा घ्या.